कन्सोलवर फ्लो ४.४, पेशंटला मिळत होता ३.७

एक्मोच्या (शरीराबाहेरच्या पंपाने रक्त फिरवून त्यात ऑक्सिजन भरणारं मशीन) पेशंटची एक केस आहे, माझ्या स्वतःच्या ड्युटीतली. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण आकडे त्या दिवशीच्या चार्टवर होते तेच देतोय, कारण या केसमध्ये जे काय आहे ते सगळं आकड्यांतच आहे. कन्सोलवरचा (मशीनच्या स्क्रीनवरचा) फ्लो सेन्सर, म्हणजे मिनिटाला किती लिटर रक्त जातंय ते मोजणारा, बिघडला नव्हता, चुकीचा आकडा दाखवत नव्हता, आणि तरीही त्याच्याकडे बघून आम्ही रात्रभर उलटं केलं. परफ्युजन करणाऱ्या (अशी मशीनं चालवणाऱ्या), आयसीयूत काम करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय.

पेशंट पन्नाशीतला, वजन ७२ किलो, उंची १६८ सेंटीमीटर, म्हणजे बॉडी सरफेस साधारण १.८३ स्क्वेअर मीटर. मोठा हार्ट ॲटॅक, अँजिओप्लास्टी झाली पण हृदय जवळजवळ थिजलेलंच, बीपी टिकेना म्हणून व्हीए एक्मोवर (शिरेतून रक्त घेऊन धमनीत परत देणारा) घेतला. मांडीच्या शिरेतून २५ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) ड्रेनेज कॅन्युला, म्हणजे रक्त बाहेर काढणारी नळी, त्याच मांडीच्या धमनीत १७ फ्रेंचची, रक्त परत देणारी रिटर्न कॅन्युला, आणि पायाला रक्त मिळावं म्हणून खाली एक छोटी डिस्टल परफ्युजन लाईन. पंप सेंट्रीफ्युगल (चक्राच्या फिरण्याने रक्त ढकलणारा), त्यानंतर रक्तात ऑक्सिजन भरणारा ऑक्सिजनेटर, ट्यूबिंग थ्री-बाय-एट (इंचाच्या तीन अष्टमांश). पहिल्या दिवशी ३६०० आरपीएमला (मिनिटाचे फेरे) मिनिटाला ४.४ लिटर फ्लो मिळत होता, म्हणजे इंडेक्स (फ्लो भागिले बॉडी सरफेस) २.४, जे आम्हाला हवं होतं तेच. मीन (सरासरी) बीपी ६६, ऑक्सिजनेटरनंतरचा दाब १९५, व्हीनस सॅच्युरेशन (शरीरातून परत आलेल्या रक्तात उरलेला ऑक्सिजन, टक्क्यांत) ६८, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की वाढतं) ८ वरून उतरत उतरत २ वर आलेलं. पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक) जेमतेम ८-१०, म्हणजे हृदय स्वतः फारसं काही ढकलत नव्हतं, शरीराला जे काय रक्त मिळत होतं ते पंपाचंच.

दुसऱ्या दिवशी लघवी थांबली आणि अंगावर पाणी चढायला लागलं. डायलिसिसचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलेलं होतं म्हणून संध्याकाळी ७ वाजता सर्किटमध्येच एक हिमोफिल्टर (रक्तातलं जादा पाणी काढणारा) जोडला. ऑक्सिजनेटरनंतरच्या पोर्टवरून वन-फोर्थ (पाव इंची) लाईन निघाली, फिल्टरमधून गेली आणि पंपाच्या आधी ड्रेनेज लाईनवर परत आली. याला वेगळा पंप नसतो, एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला सक्शन, त्या फरकावर रक्त आपोआप वाहतं, आणि किती वाहतंय ते कुठेच दिसत नाही. लाईनवर एक क्लॅम्प अर्धवट लावून ठेवलेला होता म्हणजे थोडंच रक्त जाईल. ही जुनी, साधी पद्धत आहे, मीही कित्येकदा वापरली आहे, त्यात मुळात चूक काही नाही.

पुढचं मी चार्टवरून आणि रात्रीच्या टीमशी बोलून जुळवलेलं आहे. रात्री ११ च्या सुमारास फिल्टरमधून पाणी कमी निघायला लागलं म्हणून कोणीतरी तो अर्धवट क्लॅम्प पूर्ण उघडला. पाणी निघायला लागलं. साडेअकराला कन्सोलवर फ्लो ५.० दिसला. टार्गेट ४.४ लिहिलेलं, आणि जास्त फ्लो म्हणजे दुबळ्या डाव्या व्हेंट्रिकलवर जास्त आफ्टरलोड (ज्याच्याविरुद्ध हृदयाला रक्त ढकलावं लागतं तो दाब), हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आरपीएम ३६०० वरून ३३०० वर आणला. फ्लो परत ४.४. चार्टवर छान लिहिलं गेलं, फ्लो ४.४, टार्गेटला. आता त्या खोलीत असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा, हातात असलेल्या माहितीवर हा निर्णय अगदी बरोबर होता. मी असतो तरी बहुधा हेच केलं असतं.

मग हळूहळू बीपी उतरत गेलं. मीन ६६ वरून ६०, मग ५६, नॉरॲड (बीपी वाढवणारं औषध) दुप्पट केलं तरी ५६ च. लॅक्टेट रात्री १० ला २.०, २ वाजता २.८, सकाळी ६ ला ४.१. व्हीनस सॅच्युरेशन मात्र ६६, म्हणजे जवळपास तेवढंच. आता हे चित्र नीट बघा, फ्लो टार्गेटला आहे, सॅच्युरेशन बरं आहे, बीपी पडतंय, लॅक्टेट चढतंय. आयसीयूत काम करणारा कोणीही म्हणेल की रक्तवाहिन्या सैल पडल्यात, इन्फेक्शन असणार. ताप नाही म्हणून सेप्सिस नाही असंही म्हणता येत नाही, कारण एक्मोवर हीटर पेशंटचं तापमान ३७ ला धरून ठेवतो, ताप दिसतच नाही. पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या पण त्या मोठ्या ॲटॅकनंतरही वाढतात. पहाटे ४ ला कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) पाठवून अँटीबायोटिक वाढवलं. हेही चूक नाही, मी अजूनही म्हणेन की ते द्यायलाच हवं होतं.

मी ७ ला हँडओव्हर घेतला. रात्रीच्या मॅडम म्हणाल्या, "फ्लो चांगलाय, सॅच्युरेशन चांगलंय, पण हा माणूस खाली खाली चाललाय, काहीतरी आपल्या नजरेतून सुटतंय." हे वाक्य त्या बोलल्या नसत्या तर मी पण कदाचित आकडे उतरवून घेतले असते आणि पुढे गेलो असतो.

मला पहिला संशय सेन्सरवरच आला, आणि तो का आला हे कळायला सेन्सर काय करतो ते थोडं सांगावं लागेल, कारण रोज हाताळणाऱ्यांनाही बऱ्याचदा तो एक काळा डबा वाटतो. रोलर पंप असेल तर फेरे गुणिले दर फेऱ्याला ढकललेलं रक्त, झाला फ्लो, वेगळा सेन्सर नसला तरी चालतं. सेंट्रीफ्युगल पंपात तसं नाही, तिथे ३६०० फेऱ्यांना ४ लिटरही जाऊ शकतात आणि शून्यही, पुढे किती अडथळा आहे आणि मागून किती रक्त येतंय त्यावर सगळं अवलंबून. म्हणून या पंपाला फ्लो मोजणारा सेन्सर लागतोच. पूर्वी त्यासाठी इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर असायचे, शास्त्रज्ञ कोलिन यांनी १९३६ मध्ये मांडलेलं तत्त्व, चुंबकीय क्षेत्रातून रक्त वाहिलं की व्होल्टेज तयार होतं. आता बहुतेक ठिकाणी अल्ट्रासाऊंड, आणि तोही डॉपलर नाही, ट्रान्झिट टाईम.

डॉपलरमध्ये लाल पेशींवर आपटून परत आलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी किती बदलली ते बघतात, त्यातून वेग मिळतो, आणि तो वेग बीमच्या कोनावर आणि ट्यूबच्या नेमक्या कुठल्या भागात बघतोय त्यावर अवलंबून असतो. ट्रान्झिट टाईममध्ये वेगळा हिशोब आहे. ट्यूबच्या आरपार तिरकी एक लहर प्रवाहाच्या दिशेने सोडायची, एक प्रवाहाच्या विरुद्ध सोडायची, आणि दोघींना पोचायला लागलेल्या वेळातला फरक मोजायचा. नदीत प्रवाहाबरोबर पोहणारा लवकर पोचतो, उलटा पोहणारा उशिरा, तसंच. फरक जितका जास्त तितका फ्लो जास्त. आणि बीमने ट्यूबचा सगळा छेद व्यापला असेल तर मधलं रक्त वेगात आणि कडेचं संथ असलं तरी फरक पडत नाही, सगळ्याची बेरीज आपोआप होते, थेट लिटर मिळतात.

किती बारीक काम आहे ते आकड्यात सांगतो कारण मला स्वतःला हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा सेन्सरबद्दल आदर वाटला होता. थ्री-बाय-एट ट्यूबचा आतला व्यास ९.५ मिलिमीटर. ४.४ लिटर प्रति मिनिट म्हणजे रक्त त्या ट्यूबमधून सेकंदाला साधारण १ मीटर वेगाने जातंय. रक्तात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५७० मीटर. बीम ४५ अंशात तिरका असेल तर त्याला आत साधारण १३ मिलिमीटर जायचंय, त्याला वेळ लागतो साडेआठ मायक्रोसेकंद. आणि जाताना-येतानाचा फरक किती, तर सुमारे ८ नॅनोसेकंद. म्हणजे मुळात एवढ्याशा वेळातला हजारावा भाग हा सेन्सर पकडतो, आणि त्यावरून आपण माणसाचं शरीर चालवतो.

इतकं बारीक असल्यामुळे छोट्या गोष्टींनी तो चुकू शकतो. ट्यूब वेगळ्या जाडीची, सेन्सर वेगळ्या ट्यूबसाठी कॅलिब्रेट केलेला, ट्यूब आणि सेन्सरमध्ये हवेची फट, ज्या सेन्सरला जेल लागतं तिथे जेल सुकलेलं, सेन्सर वळणाला किंवा कनेक्टरला चिकटून लावलेला, सर्किट सलाईनने भरलं असताना रक्ताचं सेटिंग, झिरो सरकलेला. सगळं नीट असलं तरी क्लॅम्प-ऑन सेन्सरच्या आकड्यात ७ ते १० टक्के इकडेतिकडे गृहीत धरावंच. म्हणजे ४.४ चे ४.० असणं हे बिघाडात मोडत नाही.

त्यामुळे सकाळी सव्वासातला मी सेन्सर तपासायला घेतला. पंपाच्या बाहेर निघालेल्या ट्यूबवर, पंप आणि ऑक्सिजनेटरच्या मध्ये लावलेला होता, वळणापासून हातभर लांब, बाणाची दिशा बरोबर, सिग्नल पूर्ण. उघडून ९० अंश फिरवून परत लावला, आकडा ४.४ चा ४.३ झाला, म्हणजे वळणामुळे प्रवाह एका बाजूला झुकून आकडा बिघडलाय असं नाही. मग स्टोअरमधून दुसरा हातातला फ्लोमीटर आणला, त्याचा थ्री-बाय-एट सेन्सर त्याच जागी, पहिल्याच्या शेजारी लावला. ४.३. दोन वेगळे सेन्सर, दोन वेगळी मशीनं, आकडा एकच. यात पंधरा-वीस मिनिटं गेली. ही मिनिटं वाया गेली असं मला वाटत नाही, सेन्सर खरं बोलतोय हे पक्कं झाल्याशिवाय पुढचा विचार करताच आला नसता.

सेन्सर बरोबर, पेशंटही खरोखर खालावतोय, मग मी चार्ट मागे मागे वाचायला घेतला, फ्लोचा रकाना सोडून. तेव्हा दिसलं. ऑक्सिजनेटरनंतरचा दाब आदल्या दिवशी १९५, आता १५०. फ्लो दोन्ही वेळेला ४.४. आरपीएम कमी केला म्हणून दाब कमी झाला असं वाटून तो कोणाच्या डोळ्यात आला नव्हता, आणि वरवर बघता ते पटण्यासारखंही आहे. पण जरा थांबून बघितलं की पटत नाही. ऑक्सिजनेटरनंतरचा दाब दोन गोष्टींनी बनतो, पलीकडे पेशंटचं बीपी, आणि कॅन्युलातून रक्त ढकलायला लागणारा दाब. आदल्या दिवशी १९५ वजा ६६, म्हणजे कॅन्युला जवळपास १३० घेत होती. आता १५० वजा ५६, म्हणजे ९४. कॅन्युला तीच, १७ फ्रेंच, कुठे वाकली नाही, सुटली नाही, हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) तेवढंच. त्याच कॅन्युलातून तेवढंच रक्त जात असेल तर ती ९४ मध्ये कसं जाऊ देईल? दाब साधारण फ्लोच्या वर्गाने वाढतो, तर ९४ भागिले १३० चं वर्गमूळ ०.८५, गुणिले ४.४, आला ३.७.

कागदाच्या कोपऱ्यावर हे ३.७ लिहिलं तेव्हा हात थोडा थरथरला, खरं सांगतो. कारण त्याच क्षणी माझी नजर त्या हिमोफिल्टरच्या लाल लाईनवर गेली.

सिस्टरना म्हटलं, "सिस्टर, हातातला मीटर द्या, आणि वन-फोर्थचा सेन्सर पण शोधा ना, छोटा निळा." आधी थ्री-बाय-एट सेन्सर रिटर्न ट्यूबवर लावला, फिल्टरची लाईन जिथून निघते त्याच्या पुढे, पेशंटच्या मांडीपासून साधारण दीड हातावर. आकडा स्थिर व्हायला दहा-बारा सेकंद लागतात. ३.७. मग छोटा सेन्सर हिमोफिल्टरच्या लाईनवर लावला. ०.७. कन्सोलवर ४.४. सिस्टरनीच मोठ्याने बेरीज केली. आम्ही दोघं काही क्षण त्या तीन आकड्यांकडे बघत उभे राहिलो.

पंपातून ४.४ लिटर जात होते हे शंभर टक्के खरं, फक्त त्यातले ०.७ लिटर पेशंटला न भेटताच फिल्टरमधून फिरून परत पंपात येत होते. कन्सोलचा सेन्सर त्या फाट्याच्या आधी बसलेला होता, त्याला हे दिसणं शक्यच नव्हतं. पेशंटचा इंडेक्स २.४ नाही, २.० होता, आणि ज्याचं स्वतःचं हृदय काहीच मदत करत नाही त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

आता मागची रात्र परत बघा, सगळं उलगडतं. ११ ला क्लॅम्प उघडला, रक्ताला जायला एक सोपी वाट मिळाली, एकूण अडथळा कमी झाला, पंपाचा फ्लो ५.० झाला. त्या वेळी पेशंटला बहुधा थोडंसंच कमी मिळत होतं, कारण सेंट्रीफ्युगल पंप अडथळा कमी झाला की स्वतःहून जास्त ढकलतो आणि फाट्यातून गेलेलं बरंचसं भरून काढतो. खरा खड्डा पडला तो साडेअकराला, आरपीएम कमी केला तेव्हा. वाढलेला आकडा बघून आपण तो खाली आणला, आणि ती घट सगळी पेशंटच्या वाटणीतून गेली.

आणि व्हीनस सॅच्युरेशन? तो मला या केसमधला सगळ्यात फसवा भाग वाटतो. फिल्टरमधून परत येणारं रक्त ऑक्सिजनेटरमधून आलेलं, १०० टक्के भरलेलं, ते ड्रेनेज लाईनमध्ये मिसळायचं आणि सॅच्युरेशन मोजणारा सेल त्याच्या पुढे होता. समजा पेशंटचं खरं सॅच्युरेशन ६०, त्याचे ३.७ लिटर, आणि वरून १०० टक्क्याचे ०.७ लिटर, मिसळून किती येतं, ६६. चार्टवर ६६ च होतं. खात्री करायला फिल्टर परत येतो त्याच्या अलीकडून, पेशंटच्या बाजूच्या पोर्टवरून सावकाश सॅम्पल काढला, तिथे निगेटिव्ह दाब असतो म्हणून फार जपून काढावा लागतो, हवा ओढली जायची भीती असते. ६१ आलं. म्हणजे एकाच फाट्याने फ्लोचा आकडा पण चांगला दाखवला आणि सॅच्युरेशनचा पण, आणि दोन आकडे एकमेकांना दुजोरा देतायत असं वाटून सगळ्यांचा विश्वास आणखी घट्ट झाला. दोन्ही आकडे एकाच ठिकाणाहून बिघडत असतील तर ते एकमेकांचे साक्षीदार होऊ शकत नाहीत, हे मी तेव्हापासून ज्युनिअर मुलांना प्रत्येक वेळी सांगतो.

मग केलं काय. इन्चार्ज सरांना फोन करून सांगितलं, ते दोन मिनिटांत बेडपाशी आले, त्यांना तीन आकडे दाखवले. फिल्टरची लाईन आधी निघण्याच्या बाजूला आणि मग परत येण्याच्या बाजूला क्लॅम्प केली. कन्सोलचा आकडा ४.४ वरून ३.९ वर आला. हे बघून नवीन माणूस घाबरू शकतो, फ्लो पडला म्हणून, पण रिटर्न ट्यूबवरचा मीटर त्याच वेळी ३.७ वरून ३.९ वर चढला, आणि दोन्ही मशीनं पहिल्यांदा एकच आकडा दाखवायला लागली. तो क्षण मला अजून आठवतो, सर हळूच म्हणाले, "हां, आता बोलतायत खरं." मग आरपीएम सावकाश ३६०० केला, ४.४, दोन्ही ठिकाणी. ऑक्सिजनेटरनंतरचा दाब १९० च्या आसपास. मीन बीपी वीस मिनिटांत ६४, तासाभरात नॉरॲड कमी करायला सुरुवात. लॅक्टेट ९ वाजता ३.८, १ वाजता २.७, संध्याकाळी २.१. कल्चरमध्ये पुढे काही वाढलं नाही, अँटीबायोटिक तीन दिवसांनी थांबवलं.

क्लॅम्प केलेली फिल्टर लाईन तशीच ठेवता येत नाही, रक्त थांबलं की गुठळी होते, त्यामुळे ती लगेच पूर्ण काढली. दुपारी डायलिसिसचं मशीन मिळालं, ते सर्किटला जोडलं. तेही रक्त घेतं आणि परत देतं, म्हणजे फाटा तोही आहेच, पण त्याला स्वतःचा पंप असतो, मिनिटाला १८० मिली असं स्क्रीनवर लिहिलेलं असतं, वजा करता येतं. न मोजलेला फाटा आणि मोजलेला फाटा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्या दिवसानंतर आमच्याकडे कायमचे बदल झाले. फ्लो सेन्सर आता शेवटच्या फाट्याच्या पुढे, रिटर्न ट्यूबवर लावतो, केबल पुरत नसेल तर कन्सोलची जागा बदलतो पण सेन्सरची नाही. डिस्टल परफ्युजन लाईन त्याच्याही पुढून निघते, पण ते रक्त पेशंटच्याच पायात जातं म्हणून मोजणीत येणं बरोबरच आहे. ज्या पंपात सेन्सर पंपाच्या आतच बसवलेला असतो तिथे तो हलवता येत नाही, तिथे प्रत्येक शिफ्टला एकदा हातातल्या मीटरने रिटर्न ट्यूब मोजून चार्टवर वेगळ्या रकान्यात लिहायचं ठरलं. आणि कुठलीही लाईन जोडली, उघडली, क्लॅम्प बदलला की आधीचा आणि नंतरचा फ्लो, दाब, आरपीएम लिहायचे. फ्लो आपोआप वाढला तर आरपीएमला हात लावण्याआधी विचारायचं की अडथळा कुठे कमी झाला.

हातातला मीटर किती खरा आहे हेही नंतर मनात राहिलं म्हणून एका दुपारी सुट्ट्या सर्किटमध्ये सलाईन भरून, मीटर सलाईनच्या सेटिंगला ठेवून, मोजपात्र आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो. मीटरवर ४.० लावून ३० सेकंद पात्रात सोडलं, २ लिटर यायला हवं होतं, आलं १.९४. तीन टक्के कमी. पाच वेळा केलं, तेवढंच आलं. ही जुनी बादली-घड्याळाची पद्धत कोणालाही करता येते आणि वर्षातून दोनदा तरी करावी असं मी सगळ्यांना सुचवेन, तुमच्या हातातला मीटर किती चुकतो हे तुम्हाला स्वतःला माहीत असणं फार मोलाचं आहे.

इथे एक गोष्ट जाता जाता, कारण शरीरात बसवलेल्या एलव्हॅडच्या (डाव्या व्हेंट्रिकलला मदत करणारा पंप) पेशंटचे नातेवाईक पण हे वाचत असतील. हार्टमेट ३ सारख्या पंपात कंट्रोलरवर दिसणारा फ्लो अल्ट्रासाऊंडने मोजलेला नसतो. मोटर किती वीज घेतेय आणि किती वेगाने फिरतेय यावरून तो अंदाजाने काढलेला असतो, त्यात हिमॅटोक्रिट आपण भरावं लागतं कारण दाट रक्ताला जास्त वीज लागते. पंपात गुठळी झाली तर वीज वाढते, आणि अंदाज म्हणतो फ्लो वाढला, प्रत्यक्षात कमी झालेला असू शकतो. हार्ट सर्जन डीबेकी आणि नासाच्या इंजिनिअरांनी मिळून बनवलेला पंप १९९८ मध्ये पहिल्यांदा माणसात बसवला, त्यात मात्र आउटफ्लो ग्राफ्टभोवती (पंपातून महाधमनीकडे रक्त नेणारी नळी) अल्ट्रासाऊंडचा खराखुरा सेन्सर होता. शरीराच्या आत कायमचा सेन्सर म्हणजे आणखी एक वायर, आणखी एक बिघडू शकणारी गोष्ट, त्यामुळे सगळ्यांनी तो मार्ग घेतला नाही हे समजू शकतो. पण ऑपरेशन चालू असताना छाती उघडी आहे तोवर ग्राफ्टला ट्रान्झिट टाईम प्रोब लावून एकदा खरा फ्लो बघून घेता येतो आणि कंट्रोलरच्या अंदाजाशी ताडता येतो, आणि माझ्या मते जिथे प्रोब उपलब्ध आहे तिथे ते चुकवू नये.

परत आपल्या पेशंटकडे. पाचव्या दिवशी पल्स प्रेशर ३० च्या वर दिसायला लागलं आणि सहाव्या दिवशी वीनिंग ट्रायल ठरली, म्हणजे एक्मोचा फ्लो टप्प्याटप्प्याने कमी करायचा आणि हृदय किती उचलतंय ते इकोवर बघायचं. इथेही फाट्याचा प्रश्न आला, आणि आधीपेक्षा जास्त. ४.४ लिटरमधले १८० मिली म्हणजे चार टक्के, दुर्लक्ष केलं तरी चालेल. पण ट्रायलमध्ये आपण १.२ लिटरपर्यंत खाली येणार, तिथे तेच १८० मिली १५ टक्के होतात, आणि आपल्याला तर नेमकं हेच ठरवायचंय की मशीनकडून पेशंटला किती मिळतंय आणि स्वतःच्या हृदयातून किती. त्यामुळे ट्रायलच्या आधी डायलिसिस थांबवून लाईन वेगळी केली, रिटर्न ट्यूबवरचा सेन्सर तपासून घेतला, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) वाढवलं कारण कमी फ्लोला गुठळीचा धोका वाढतो, आणि सुरुवात केली.

४.४, ३.५, २.५, १.५, मग १.२. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं थांबलो. इको मॅडमच्या हातात होतं. १.२ ला मीन बीपी ६८, डाव्या व्हेंट्रिकलच्या आउटफ्लोचा (रक्त बाहेर पडण्याच्या वाटेचा) व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्यात रक्त किती अंतर पुढे जातं ते, ११.५ सेंटीमीटर, १० च्या वर हवा असतो. इजेक्शन फ्रॅक्शन (व्हेंट्रिकल दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं) ३० च्या आसपास, मायट्रल झडपेच्या रिंगचा बाजूचा वेग सेकंदाला ७ सेंटीमीटर, तो ६ च्या वर लागतो. आउटफ्लोचा व्यास २ सेंटीमीटर, म्हणजे छेद ३.१४, गुणिले ११.५, एका ठोक्याला ३६ मिली, ठोके ९६, मिनिटाला जवळपास साडेतीन लिटर. इकोच्या डॉपलरने हृदयातून ३.५ आणि ट्यूबवरच्या ट्रान्झिट टाईमने मशीनमधून १.२, मिळून ४.७. मी दोन्ही आकडे चार्टवर शेजारी शेजारी लिहिले आणि प्रत्येकापुढे कुठे मोजलं ते लिहिलं, एकापुढे "आउटफ्लो, इको", दुसऱ्यापुढे "रिटर्न ट्यूब, शेवटच्या फाट्यानंतर". दुपारी ३ वाजता कॅन्युला काढायला पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये गेला.